रेल्वेसाठी सरहद्दीची खरेदी : गॅड्सडेन करार (१८५३-५४) – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

राष्ट्रांच्या सीमा सामान्यतः युद्धाने किंवा युद्धानंतरच्या तहाने बदलतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी मात्र रोख रक्कम मोजून प्रदेश मिळविण्याचा मार्ग अनेकदा अनुसरला. इ. स. १८०३ मध्ये फ्रान्सकडून घेतलेला लुइझियाना आणि इ. स. १८६७ मध्ये रशियाकडून घेतलेला अलास्का ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. या दोन व्यवहारांच्या दरम्यान, इ. स. १८५३-५४ मध्ये, अमेरिकेने आपल्या दक्षिणेकडील शेजारी मेक्सिकोकडून २९,६७० चौरस मैलांचा एक पट्टा १ कोटी डॉलर देऊन विकत घेतला. आजच्या ॲरिझोना राज्याचा दक्षिण भाग आणि न्यू मेक्सिको राज्याचा नैर्ऋत्य कोपरा या पट्ट्यात येतो. त्याचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या सुमारे एक चतुर्थांश भरते.

हा व्यवहार अमेरिकेच्या इतिहासात 'गॅड्सडेन खरेदी' म्हणून ओळखला जातो, तर मेक्सिकोच्या इतिहासात त्याला 'मेसियाची विक्री' म्हणतात. वाटाघाटी करणाऱ्या अमेरिकी वकिलाचे नाव एका देशाने लक्षात ठेवले. दुसऱ्याने गमावलेल्या खोऱ्याचे नाव जपले. या खरेदीचा घोषित हेतू होता प्रशांत महासागराच्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या रेल्वेसाठी सपाट भूमी मिळविणे. प्रत्यक्षात त्या भूमीवर रेल्वे पोहोचावयास वीस वर्षांपेक्षा अधिक काळ लागला आणि तोपर्यंत ज्यांनी ती मागितली होती त्यांचे राजकारणच संपुष्टात आले होते. मग १ कोटी डॉलरना नेमके काय विकत घेतले गेले, हा प्रश्न या करारासंबंधी विचारणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) गॅड्सडेन करारामागील सीमावाद व रेल्वेचे राजकारण यांचा परस्परसंबंध तपासणे.
२) कराराच्या वाटाघाटी, त्याची कलमे आणि सिनेटमधील फेरबदल यांचा आढावा घेणे.
३) खरेदी केलेल्या भूमीवरील रहिवाशांवर व दोन्ही देशांवर झालेल्या परिणामांचे मूल्यमापन करणे.

पार्श्वभूमी : १८४८ चा तह आणि सदोष नकाशा

अमेरिका व मेक्सिको यांच्यातील युद्ध २ फेब्रुवारी १८४८ रोजी झालेल्या ग्वाडालूप हिदाल्गो येथील तहाने संपले. या तहान्वये मेक्सिकोने कॅलिफोर्निया व न्यू मेक्सिकोसह सुमारे ५ लाख २९ हजार चौरस मैलांचा प्रदेश सोडला आणि अमेरिकेने त्यापोटी दीड कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. नव्या सीमेचा काही भाग हीला नदीच्या पात्रावरून जात होता. न्यू मेक्सिकोची दक्षिण सीमा ठरविण्यासाठी मात्र तहात १८४७ साली प्रसिद्ध झालेल्या डिस्टर्नेल यांच्या नकाशाचा आधार घेण्यात आला होता.

हा नकाशा सदोष होता. त्यात एल पासो हे गाव त्याच्या प्रत्यक्ष जागेपेक्षा सुमारे अर्धा अंश उत्तरेकडे आणि शंभर मैलांहून अधिक पूर्वेकडे दाखविले होते. त्यामुळे सीमा नकाशावरील अक्षांशानुसार धरावयाची की गावापासूनच्या प्रत्यक्ष अंतरानुसार, असा पेच निर्माण झाला. अमेरिकेचे सीमा आयुक्त जॉन रसेल बार्टलेट आणि मेक्सिकोचे आयुक्त पेद्रो गार्सिया कोंदे यांनी तडजोड करून रेषा ३२ अंश २२ कलांवर निश्चित केली. अमेरिकेचे भूमापक अँड्र्यू ग्रे यांनी ती मान्य करण्यास नकार दिला. त्यांच्या मते खरी रेषा ३१ अंश ५२ कलांवर होती. या दोन रेषांमधील सुमारे पस्तीस मैल रुंदीचा पट्टा वादग्रस्त ठरला. मेसियाचे सुपीक खोरे नेमके याच पट्ट्यात होते.

मेसियाच्या वस्तीची हकीकत या वादाचे स्वरूप स्पष्ट करते. १८४८ च्या तहानंतर न्यू मेक्सिकोतील अनेक कुटुंबांना अमेरिकी अमलाखाली राहणे नको होते. त्यांनी आपली गावे सोडून रिओ ग्रांदे नदीच्या पलीकडे, मेक्सिकोच्या हद्दीत समजल्या जाणाऱ्या भूमीवर, मेसिया हे गाव वसविले. मार्च १८५३ मध्ये न्यू मेक्सिको प्रांताचे अमेरिकी गव्हर्नर विल्यम कार लेन यांनी हे खोरे आपल्या प्रांतात असल्याचे जाहीर केले. त्यावर चिवावा प्रांताचे गव्हर्नर आंखेल त्रियास यांनी सैन्य पाठविले. नव्या युद्धाची चिन्हे दिसू लागली.

याच तहाचे अकरावे कलमही वादाचे कारण ठरले होते. अमेरिकेच्या हद्दीतून मेक्सिकोवर होणारे अपाचे, कोमांची इत्यादी जमातींचे हल्ले रोखण्याची जबाबदारी या कलमाने अमेरिकेवर टाकली होती. अमेरिकेला ती पार पाडता आली नाही. सोनोरा व चिवावा प्रांतांतील हानीबद्दल मेक्सिकोचे भरपाईचे दावे वाढत गेले आणि त्यांची रक्कम कोट्यवधी डॉलरच्या घरात पोहोचली. या कलमातून सुटका करून घेणे ही अमेरिकेची दुसरी गरज होती, हे पुढील व्यवहार समजून घेताना विसरून चालणार नाही.

रेल्वेचे राजकारण

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि १८५० मध्ये कॅलिफोर्नियाला राज्याचा दर्जा मिळाला. तथापि पूर्वेकडील शहरांतून तेथे जाण्यासाठी दक्षिण अमेरिकेला वळसा घालणारा सागरी प्रवास, पनामाची संयोगभूमी ओलांडणे किंवा मैदाने व पर्वत पार करणारा खडतर खुष्कीचा मार्ग, एवढेच पर्याय होते. त्यामुळे दोन महासागरांना जोडणारी रेल्वे ही राष्ट्रीय गरज बनली. मार्च १८५३ मध्ये काँग्रेसने निरनिराळ्या मार्गांच्या पाहणीसाठी दीड लाख डॉलर मंजूर केले.

रेल्वे हवी याविषयी मतभेद नव्हते. ती कोठून जावी हा खरा वाद होता. रेल्वेचे पूर्वेकडील टोक ज्या शहराला मिळेल त्याच्याकडे पश्चिमेचा सारा व्यापार वळणार होता. रेल्वेच्या दुतर्फा वसणाऱ्या नव्या प्रांतांत गुलामगिरी असेल की नसेल, हा प्रश्नही मार्गाच्या निवडीशी निगडित होता. शिकागो, सेंट लुई, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स अशा शहरांच्या स्पर्धेमागे उत्तर व दक्षिण यांच्यातील सत्तेचा संघर्ष उभा होता.

दक्षिणेच्या पुढाऱ्यांचा भर ३२ व्या अक्षांशाजवळील मार्गावर होता. या मार्गावर घाट तुलनेने कमी उंचीचे होते आणि हिवाळ्यात बर्फाचा अडथळा फारसा नव्हता. परंतु हीला नदीच्या काठचा प्रदेश डोंगराळ व अरुंद असल्याने तेथून लोहमार्ग नेणे कठीण होते. १८४६-४७ मध्ये युद्धकाळात फिलिप सेंट जॉर्ज कुक यांच्या तुकडीने गाड्यांसाठी जी वाट काढली, ती हीलाच्या दक्षिणेकडून टुसॉन गावावरून गेली होती. सोयीची सपाट भूमी सीमेपलीकडे आहे, हे त्यामुळे आधीच ध्यानात आले होते.

मार्च १८५३ मध्ये अध्यक्षपदी आलेल्या फ्रँकलिन पिअर्स यांच्या मंत्रिमंडळात मिसिसिपी राज्याचे जेफर्सन डेव्हिस युद्धमंत्री होते. पुढे दक्षिणेच्या फुटीर राज्यसंघाचे अध्यक्ष झालेले ते हेच डेव्हिस. रेल्वेमार्गांची पाहणी त्यांच्याच खात्याकडे होती. मेक्सिकोतील वकील म्हणून साउथ कॅरोलिनाचे जेम्स गॅड्सडेन यांची नेमणूक झाली. ते एका रेल्वे कंपनीचे माजी अध्यक्ष होते, दक्षिणेतून प्रशांत किनाऱ्यापर्यंत लोहमार्ग नेण्याचे जुने पुरस्कर्ते होते आणि गुलामगिरीचे समर्थक होते. कॅलिफोर्नियात गुलामांच्या श्रमावर चालणारी वसाहत स्थापण्याची योजनाही त्यांनी आखली होती. या नेमणुकीतून पिअर्स सरकारचा कल स्पष्ट होतो.

वाटाघाटी व कराराची कलमे

दुसऱ्या बाजूस एप्रिल १८५३ मध्ये जनरल अंतोनियो लोपेस दे सांता आना मेक्सिकोत पुन्हा सत्तेवर आले होते. टेक्सास गमावताना व १८४६-४८ च्या युद्धात पराभूत होताना मेक्सिकोच्या सैन्याचे नेतृत्व त्यांच्याकडेच होते. आता त्यांचा खजिना रिकामा होता. लष्कराचा पगार भागविल्याशिवाय सत्ता टिकणार नव्हती आणि नव्या युद्धासाठी देशात बळ उरलेले नव्हते.

पिअर्स यांनी क्रिस्टोफर वॉर्ड या दूतामार्फत गॅड्सडेन यांना तोंडी सूचना पाठविल्या. त्यांत वेगवेगळ्या सीमारेषा व त्यांच्या किमती सुचविल्या होत्या. सर्वांत मोठ्या मागणीत उत्तर मेक्सिकोचा विस्तीर्ण भाग व खालचा कॅलिफोर्निया यांसाठी ५ कोटी डॉलरपर्यंत रक्कम देऊ केली होती. सर्वांत लहान मागणी रेल्वेपुरत्या भूमीची व दीड कोटी डॉलरची होती. सांता आना व त्यांचे परराष्ट्रमंत्री मानुएल दियेस दे बोनिया यांनी सर्वांत लहान मागणीपुरतीच तयारी दर्शविली. मोठी रक्कम पुढ्यात असतानाही त्यांनी कमीत कमी भूमी देण्याचा आग्रह धरला, ही बाब सांता आना यांच्या टीकाकारांनी फारशी लक्षात घेतली नाही.

वाटाघाटी चालू असतानाच विल्यम वॉकर या अमेरिकी साहसिकाने सशस्त्र टोळी घेऊन खालच्या कॅलिफोर्नियातील ला पास येथे धाड घातली व स्वतःला एका नव्या प्रजासत्ताकाचा अध्यक्ष घोषित केले. अमेरिकी सरकारचा त्याला अधिकृत पाठिंबा नव्हता. तरीही विक्री नाकारली तर प्रदेश हिसकावला जाऊ शकतो, ही भीती मेक्सिकोच्या राज्यकर्त्यांच्या मनात या घटनेमुळे दृढ झाली असावी. आपण विकले नसते तर ते बळाने घेतले गेले असते, असे समर्थन पुढे सांता आना यांनी केले. स्वतःच्या बचावासाठी केलेले हे विधान असले, तरी त्या काळाची परिस्थिती पाहता ते सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही.

३० डिसेंबर १८५३ रोजी मेक्सिको शहरात करारावर सह्या झाल्या. मूळ मसुद्यानुसार मेक्सिकोला दीड कोटी डॉलर मिळावयाचे होते आणि अमेरिकी नागरिकांचे ५० लाख डॉलरपर्यंतचे दावे अमेरिकेने आपल्या शिरावर घ्यावयाचे होते. १८४८ च्या तहातील अकरावे कलम रद्द करण्यात आले.

सिनेटमधील फेरबदल

करार सिनेटपुढे आला तेव्हा तेथे कॅन्सस-नेब्रास्का विधेयकावरून गुलामगिरीचा वाद पेटलेला होता. गुलामगिरीच्या प्रसाराला नव्या भूमीचे साधन मिळू नये, असे उत्तरेकडील अनेक सदस्यांचे मत होते. १७ एप्रिल १८५४ रोजी करार २७ विरुद्ध १८ मतांनी अडला. दोन-तृतीयांश बहुमताला तीन मते कमी पडली. त्यानंतर सुमारे ९ हजार चौरस मैल भूमी वगळण्यात आली, किंमत १ कोटी डॉलरवर आणली गेली आणि तेवान्तेपेक संयोगभूमीवरील मार्गासंबंधी अमेरिकेला सवलती देणारे कलम घालण्यात आले. या स्वरूपात २५ एप्रिल रोजी ३३ विरुद्ध १२ मतांनी करार संमत झाला. पैशाची निकड असलेल्या सांता आना यांनी तो स्वीकारला आणि ३० जून १८५४ रोजी मान्यतापत्रांची देवघेव झाली. ७० लाख डॉलर तत्काळ व उरलेले ३० लाख सीमेची आखणी पूर्ण झाल्यावर द्यावयाचे होते.

नव्या सीमारेषेचा आकारच या सौद्याची कथा सांगतो. रिओ ग्रांदेवरील ३१ अंश ४७ कलांच्या बिंदूपासून ती शंभर मैल पश्चिमेकडे जाते, मग दक्षिणेकडे ३१ अंश २० कलांपर्यंत उतरते, तेथून १११ व्या रेखांशापर्यंत पुन्हा पश्चिमेकडे सरकते आणि शेवटी तिरकी होऊन कोलोरॅडो नदीवर, हीलाच्या संगमाखाली वीस मैलांवर, पोहोचते. या तिरक्या रेषेमुळे खालच्या कॅलिफोर्नियाला सोनोराशी जोडणारी भूमी मेक्सिकोकडे राहिली आणि अमेरिकेला कॅलिफोर्नियाच्या आखातावर बंदर मिळाले नाही.

किमतीचा हिशेब

खरेदी केलेली भूमी सुमारे १ कोटी ९० लाख एकर होती. म्हणजे एकरी सुमारे ५३ सेंट किंमत पडली. १८४८ च्या तहातील रोख रक्कम त्या वेळच्या प्रदेशाने भागिली असता एकरी साडेचार सेंटही पडत नाहीत. अवघ्या सहा वर्षांत दर सुमारे बारा पट वाढला. बहुतांश ओसाड वाळवंट असलेल्या भूमीसाठी हा दर केवळ जमिनीचा नव्हता. त्यात रेल्वेमार्गाची आशा होती, मेसियाच्या वादाचा निकाल होता आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अकराव्या कलमातून व त्याखालील दाव्यांतून मिळालेली मुक्तता होती. भूमी रेल्वेसाठी, पण रक्कम मुख्यतः जबाबदारीतून सुटण्यासाठी, असा या व्यवहाराचा अर्थ लावता येतो.

मेक्सिकोच्या बाजूने पाहता ही रक्कम सांता आना यांची सत्ता वाचवू शकली नाही. मार्च १८५४ मध्ये जाहीर झालेल्या आयुत्ला योजनेत त्यांच्यावरील आरोपांमध्ये देशाचा भूभाग विकल्याचा आणि उत्तर सरहद्दीवरील बांधवांचा बळी दिल्याचा आरोप होता. ऑगस्ट १८५५ मध्ये त्यांना देश सोडावा लागला आणि उदारमतवादी गटाचा मार्ग मोकळा झाला.

भूमीवरील माणसे

विल्यम एमोरी व होसे सालासार इलारेगी यांच्या नेतृत्वाखालील संयुक्त पथकांनी १८५५ मध्ये सीमेची प्रत्यक्ष आखणी केली. करारात तेथील रहिवाशांच्या नागरिकत्वाचे व मालमत्तेचे रक्षण करण्याचे अभिवचन होते. तथापि २५ सप्टेंबर १८५३ नंतर दिलेल्या जमिनी आणि मेक्सिकोच्या दफ्तरात नोंद नसलेल्या सनदा मान्य होणार नव्हत्या. कागद नसलेल्या कास्तकारांसाठी ही अट जाचक ठरणारी होती.

अमेरिकी अमलापासून दूर राहण्यासाठी स्थलांतर केलेल्या मेसियाच्या लोकांपर्यंत ती सत्ता पुन्हा चालून आली. त्यांनी गाव बदलले होते; या वेळी सीमाच हलली. टुसॉनमधील मेक्सिकोचे सैन्य मार्च १८५६ मध्ये निघून गेले. सर्वांत खोल परिणाम मूळ रहिवाशांवर झाला. तोहोनो ओ'ओधाम जमातीच्या भूमीतून नवी रेषा गेली. त्यांच्याशी कोणत्याही सरकारने विचारविनिमय केला नव्हता. आज त्यांच्या अमेरिकेतील राखीव प्रदेशाला सुमारे ६२ मैलांची आंतरराष्ट्रीय सीमा भिडते आणि जमातीचे काही लोक सोनोरामध्ये राहतात. अपाचे जमातीने तर ही भूमी कधीही मेक्सिकोच्या स्वाधीन केली नव्हती. ज्यावर विक्रेत्याचा पूर्ण ताबा नव्हता तेच त्याने विकले होते.

रेल्वेचे आगमन

डेव्हिस यांनी १८५५ च्या अहवालात ३२ व्या अक्षांशाच्या मार्गाची शिफारस केली. परंतु उत्तर व दक्षिण यांच्यात एकमत होणे अशक्य झाले होते. १८५८ ते १८६१ या काळात या भूमीवरून घोड्यांची टपालगाडी धावली, लोहमार्ग आला नाही. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यावर दक्षिणेच्या फौजेने मेसिया ही राजधानी करून ॲरिझोना प्रांत जाहीर केला. १८६२ मध्ये तिला माघार घ्यावी लागली. दक्षिणेचे सदस्य काँग्रेसमधून निघून गेल्यामुळे त्याच वर्षी मध्य मार्गाचा कायदा विनासायास मंजूर झाला आणि १० मे १८६९ रोजी युटामधील प्रोमॉन्टरी येथे पहिली आंतरखंडीय रेल्वे पूर्ण झाली.

गॅड्सडेन यांच्या भूमीवर रेल्वे आली ती कॅलिफोर्नियाकडून. सदर्न पॅसिफिक कंपनीचा मार्ग १८७७ मध्ये युमा येथे आणि मार्च १८८० मध्ये टुसॉन येथे पोहोचला. तो घालण्यात चिनी मजुरांचे श्रम मोठ्या प्रमाणावर खर्ची पडले. मार्च १८८१ मध्ये डेमिंग येथे दुसऱ्या कंपनीच्या मार्गाशी सांधा जुळून दुसरी आंतरखंडीय वाट तयार झाली. बिस्बी येथील तांब्याच्या खाणींना याच काळात महत्त्व आले. सप्टेंबर १८८६ मध्ये अपाचे योद्धा जेरोनिमो व त्याच्या साथीदारांना शरणागतीनंतर याच मार्गावरील बोवी स्थानकातून गाडीत बसवून दूर फ्लोरिडाला धाडण्यात आले. अकराव्या कलमाने ज्यांना रोखावयाचे होते, त्यांना त्यांच्या भूमीतून नेण्यासाठी ही रेल्वे उपयोगी पडली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :
१) गॅड्सडेन खरेदीचा घोषित हेतू रेल्वे हा असला, तरी तिचे मोल सीमावादाचा निकाल आणि १८४८ च्या तहातील जबाबदारीतून मुक्तता यांवरून अधिक चांगले समजते.
२) दक्षिणेच्या पुढाऱ्यांनी जो मार्ग आपल्या प्रदेशाच्या वर्चस्वासाठी मागितला, तो गुलामगिरी नष्ट झाल्यानंतर आणि पश्चिमेकडील भांडवलावर बांधला गेला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने त्यांचा अंदाज अचूक होता. राजकारणाच्या दृष्टीने तो फसला.
३) करार कायद्याने खरेदीचा असला, तरी युद्धाच्या छायेत व रिकाम्या खजिन्याच्या दडपणाखाली दिलेली संमती ही मुक्त संमती मानता येत नाही. तथापि मेक्सिकोने कमीत कमी भूमी देऊन समुद्राकडील सलगता राखली, याचीही नोंद घ्यावी लागते.
४) दोन सरकारांच्या या सौद्यात प्रत्यक्ष भूमीवर राहणाऱ्यांना स्थान नव्हते. रेल्वेचा मूळ हेतू मागे पडला आणि करार करणारी राजवटही लयास गेली. पण आखलेली रेषा कायम राहिली. तिची किंमत १ कोटी डॉलरच्या हिशेबात न धरलेल्या लोकांनी दीर्घकाळ चुकती केली, हे या करारातून मिळणारे महत्त्वाचे ऐतिहासिक भान होय.